चित्रातले ‘म्हणे’ : सचित्र इतिहासग्रंथ आणि मध्ययुगीन राजांचे चेहरे

शार्लमेनला दाढी नव्हती असे मानण्यास सबळ कारणे आहेत. त्याच्या अखेरच्या वर्षांत पाडलेल्या नाण्यांवरील मुखाकृतीला मिशी आहे, दाढी नाही. त्याच्या दरबारात वावरलेल्या आइनहार्डने त्याचे चरित्र लिहिले. त्यात गोल डोके, मोठे तेजस्वी डोळे, बेताहून किंचित लांब नाक, आखूड जाड मान, पुढे आलेले पोट आणि देहाच्या मानाने बारीक आवाज इतका तपशील येतो. दाढीचा उल्लेख येत नाही. असे असूनही १९ व्या शतकातील फ्रेंच आणि जर्मन सचित्र इतिहासग्रंथांत हा सम्राट अवतरतो तो बहुधा छातीवर रुळणाऱ्या दाढीसह. ८१४ साली मरण पावलेल्या या राजाला ही शुभ्र दाढी सुमारे तीन शतकांनंतर रोलांच्या वीरगीताने दिली. १५१२-१३ च्या सुमारास ड्यूररच्या चित्राने तिला, शार्लमेनच्या मृत्यूनंतर शतकाहून अधिक काळाने घडवलेल्या, राजमुकुटाची जोड दिली. १९ व्या शतकातील छापखान्याने ती घराघरांत पोहोचवली.

या दाढीविषयी आजवर प्रामुख्याने दोन प्रकारची उत्तरे दिली गेली आहेत. पुराणवस्तूंच्या अभ्यासकाचे उत्तर असे की ही चूक आहे. चित्रकाराने साधने नीट पाहिली असती तर ती टळली असती. १९८३ साली हॉब्सबॉम आणि रेंजर यांचा परंपरांच्या शोधावरील ग्रंथ आणि बेनेडिक्ट अँडरसनचा कल्पित समुदायांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाल्यापासून जी समीक्षा प्रतिष्ठित झाली, तिचे उत्तर असे की ही चूक नव्हे, हा राष्ट्रवाद आहे. उगवत्या राष्ट्राला पूर्वज हवे होते, चित्रकाराने ते पुरवले. ही दोन्ही उत्तरे वरवर पाहता परस्परविरोधी आहेत, पण दोहोंत एक गोष्ट समान आहे. चित्र वाचावे लागते, ही गोष्ट दोन्ही उत्तरे नाकारतात. पहिले उत्तर चित्राची दुरुस्ती करून थांबते, दुसरे त्याचा हेतू उघड करून थांबते. छापील पानावर चित्र कोणते विधान करते, ते कोणत्या अधिकाराने करते आणि शेजारच्या गद्याशी त्याचे नाते काय असते, हे प्रश्न दोघांच्याही कक्षेत येत नाहीत. हे प्रश्न साहित्यसमीक्षेचे आहेत, आणि साहित्यसमीक्षेने ते ‘सजावट’ या एका शब्दाखाली दडपून ठेवले आहेत.

प्रथम दुरुस्तीवाद्यांचा विचार करू. चित्रांचा दोष तपशिलांच्या अज्ञानात आहे हे त्यांचे गृहीतक मुळातच टिकत नाही, कारण १९ वे शतक हे तपशिलांच्या बाबतीत कमालीचे दक्ष शतक होते. १८२३ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डन रंगभूमीवर शेक्सपिअरच्या ‘किंग जॉन’चा प्रयोग झाला, तेव्हा जे. आर. प्लांशे याने त्यातील पात्रांचे पोशाख जुन्या शिल्पांच्या व मुद्रांच्या आधारे तयार करवून घेतले. पुढे १८३४ मध्ये त्याने ब्रिटिश पोशाखांचा इतिहासच लिहिला. चार्ल्स स्टोथर्ड समाधीवरील प्रतिमांची रेखाटने करीत इंग्लंडभर हिंडला आणि १८१६ मध्ये फ्रान्समधील फोंतेव्रोच्या मठापर्यंत गेला. यान मातेय्को या पोलिश चित्रकाराने १८६० साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, पोलंडमधील पोशाखांचा सहा शतकांचा चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. चिलखताच्या कड्या, पट्ट्याचे बक्कल, झग्याची किनार यांविषयी या मंडळींना जे ठाऊक होते, ते त्यांच्या आजच्या टीकाकारांपैकी अनेकांना ठाऊक नसते.

खरा प्रश्न नेमका येथे सुरू होतो. बक्कल पुराव्यावरून आले, चेहरा कोठून आला? रोलां बार्थ याने १९६८ साली वास्तवाभासाची जी मीमांसा केली, तिच्यानुसार कथानकात ज्याचे काही काम नाही असा तपशील ‘हे खरे आहे’ एवढेच सांगण्यासाठी येतो. सचित्र इतिहासग्रंथात तपशिलाचे काम याहून अधिक धूर्त आहे. तेथे तो जामीन राहतो. झगा खरा आहे, मुकुट खरा आहे, तलवारीची मूठ अमुक संग्रहालयातील तलवारीवरून घेतली आहे; म्हणून वाचक त्या सर्वांच्या मधोमध बसवलेला चेहराही खरा धरून चालतो. वस्तूंनी कमावलेली पत चेहऱ्याच्या खात्यावर जमा होते. तेव्हा तपशील जितका अचूक, तितका कल्पित चेहरा अधिक विश्वासार्ह, असे हे गणित आहे. आणि दुरुस्तीवादी आणखी अचूकतेची मागणी करून त्यात भरच घालतात.

मातेय्कोची पोलिश राजांची चित्रमालिका हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण. व्हिएन्नामधील प्रकाशक मोरिट्स पेर्लेस याच्यासाठी त्याने १८९० ते १८९२ या काळात ४४ रेखाटने केली आणि ती इतिहासकारांच्या मजकुरासह प्रसिद्ध झाली. या ४४ जणांपैकी काहींविषयी चित्रकाराजवळ भक्कम साधने होती. काझीमिएश थोर याचे क्राकूव येथील वावेल कॅथीड्रलमधील थडगे १८६९ साली डागडुजीच्या वेळी उघडले गेले, तेव्हा आतील अवशेषांची रेखाटने खुद्द मातेय्कोने केली होती. म्हणजे या राजाच्या बाबतीत त्याने हाडे पाहिली होती. उलट ९९२ मध्ये मरण पावलेल्या मीएश्को पहिला याचे समकालीन चित्र एकही उपलब्ध नाही. आता मालिका उघडून पाहिली तर काय दिसते? दोन्ही राजांना रेखाटनाची तीच पद्धत, तीच चौकट, कपाळावरील सुरकुत्यांत तोच आत्मविश्वास. एका चेहऱ्यामागे थडगे आहे आणि दुसऱ्यामागे केवळ चित्रकाराची प्रतिभा आहे, हे सांगणारी एकही रेघ त्या कागदांवर नाही. दोष एखाद्या सुट्या चित्रात नाही. तो मालिका या रूपबंधात आहे. मालिका पुराव्याचे चढउतार सपाट करते आणि माहीत असलेल्याला व नसलेल्याला एकाच रांगेत, एकाच इतमामाने बसवते.

मराठी भाषेत या दोषाला नेमके नाव देण्याची सोय आहे. ‘राजा गाडीत बसून निघाला’ आणि ‘राजा गाडीत बसून निघाला म्हणे’ या दोन वाक्यांत घटना एकच आहे. बदलते ते सांगणाऱ्याचे उत्तरदायित्व. ‘म्हणे’ हा एक शब्द ऐकीव आणि पाहिलेले यांच्यातील रेषा आखतो. ‘असावा’, ‘ऐसे बोलतात’ ही त्याचीच भावंडे. बखरींच्या विश्वासार्हतेविषयी कितीही वाद झाले असले, तरी गद्याला ही सोय असते आणि चाणाक्ष वाचक तिच्याकडे लक्ष ठेवून वाचतो, याविषयी वाद नाही. १९ व्या शतकातील इतिहासचित्राने ही सोय टाकून दिली. त्यातील प्रत्येक रेषा निश्चयार्थी आहे.

याचे परिणाम पाहायचे तर पुन्हा आइनहार्डकडे जावे लागते. चरित्राच्या आरंभी त्याने मेरोविंजियन घराण्यातील अखेरच्या राजांचे वर्णन केले आहे. नावापुरते सिंहासन, वाढलेले केस, लांब दाढी, आणि प्रवासासाठी बैल जुंपलेली, गावंढळ गाडीवानाने हाकलेली गाडी, असे ते चित्र आहे. हे वर्णन ७५१ साली त्या घराण्याला पदच्युत करणाऱ्या घराण्याच्या आश्रितानेच केले, ही गोष्ट ते वाचताना विसरता येत नाही. बैलगाडीतून फिरणे हे उशिराच्या रोमन प्रशासनातून आलेले प्रतिष्ठेचे चिन्ह असावे, असेही काही इतिहासकार मानतात. म्हणजे मजकुरात सांगणारा आहे, त्याचा पक्ष आहे आणि म्हणून उलटतपासणीला जागाही आहे. १८७२ ते १८७६ या काळात हाशेत प्रकाशनाने गिझोचा, नातवंडांना सांगितलेला फ्रान्सचा इतिहास पाच खंडांत काढला, त्यातील चित्रे अल्फाँस द नव्हीलची. तेथे प्रवासाला निघालेला हा आळशी राजा प्रत्यक्ष दिसतो. आइनहार्ड मात्र त्या चित्रात कोठेच दिसत नाही. साक्षीदार अदृश्य झाला, साक्ष उरली, आणि ती आता साक्ष नसून घटना झाली आहे.

याहून बोलकी गोष्ट निवडीची आहे. बैलगाडी आणि शार्लमेनचे पोट ही दोन्ही एकाच लेखकाच्या, एकाच छोट्या पुस्तकातली. बैलगाडी चित्रांत आली. पोट आणि आखूड मान मात्र या चित्रपरंपरेने बाजूला ठेवली. गाडी हाकणाऱ्या घराण्याविषयी आइनहार्ड विश्वसनीय आणि ज्या धन्याला त्याने डोळ्यांनी पाहिले त्याच्या देहाविषयी मात्र अविश्वसनीय, असा हा अजब निवाडा आहे. त्याची कारणे कोणी दिली नाहीत, कारण निवाडा झाला आहे हेच कोणाच्या लक्षात आले नाही. चित्र हा युक्तिवाद असतो. आपण युक्तिवाद करीत आहोत हे लपवण्यात त्याचे सारे यश असते.

यावर एक आक्षेप संभवतो. चित्र ग्रंथात एकटे नसते. शेजारी मजकूर असतो, आणि जे ‘म्हणे’ चित्राला जमत नाही ते मजकूर पुरवतो. हा आक्षेप मुद्रणाच्या इतिहासापुढे टिकत नाही. ताम्रपटावरील चित्र वेगळ्या यंत्रावर छापावे लागे आणि ग्रंथात वेगळे पान म्हणून येई. १८ व्या शतकाच्या अखेरीस टॉमस ब्यूइकने कठीण लाकडाच्या आडव्या छेदावर कोरण्याची पद्धत प्रस्थापित केली, तेव्हा लाकडी ठसा खिळ्यांच्या शेजारी बसवून एकाच दाबात छापणे सुकर झाले. चित्र वाक्याच्या कुशीत शिरले. परंतु त्याच ठशाची धातूतील प्रतिकृती काढून ती दुसऱ्या प्रकाशकाला विकणेही पुढे सोपे झाले. परिणामी चित्र मजकुराला कधी नव्हे इतके जवळ आले आणि कधी नव्हे इतके त्याच्यापासून सुटे झाले. सावधगिरीचे वाक्य मूळ ग्रंथात राहिले, चित्र प्रवासाला निघाले.

इंग्लंडचा राजा जॉन याची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. १२१५ सालच्या महासनदेवर जॉनची स्वाक्षरी नाही. सनदेला मोहोर लावून ती प्रमाणित केली गेली, आणि ती लावण्याचे काम दरबारी अधिकाऱ्यांचे होते. जुन्या कागदपत्रांच्या जाणकारांना यात नवे काही नाही. तरीही त्या शतकातील इंग्रजी इतिहासचित्रांत जॉन हाती पिसाची लेखणी घेऊन, कपाळाला आठ्या घालून सही करायला बसलेला वारंवार भेटतो. पुराणवस्तुवादी येथेही ‘मोहोर हवी, लेखणी नको’ एवढे सुचवून मोकळा होतो. पण लेखणी का आली, हे पाहिले पाहिजे. मोहोर ही पदाची असते, स्वाक्षरी व्यक्तीची असते. अनेक पक्षांच्या वाटाघाटींतून निघालेल्या, सरंजामी रूढींनी बांधलेल्या दस्ताला त्या लेखणीने एकच कर्ता दिला. सहीच्या क्षणी माणसाच्या मनात काय चालले आहे, हे चेहऱ्यावर वाचता येते अशी १९ व्या शतकाची श्रद्धा होती. ती श्रद्धा तेराव्या शतकावर लादली गेली. हा पोशाखाचा प्रमाद नाही. कर्तृत्वाच्या संकल्पनेचा प्रमाद आहे, आणि तो फक्त संकल्पनांचा इतिहास जाणणाऱ्या समीक्षेलाच पकडता येईल.

आता राष्ट्रवादाच्या सिद्धांतनाकडे वळू. मातेय्को रेखाटत होता तेव्हा १७९५ च्या तिसऱ्या फाळणीनंतर पोलंड नावाचे राज्यच नकाशावर नव्हते, आणि त्याचा प्रकाशक त्याच्या देशाचा एक तुकडा गिळलेल्या साम्राज्याच्या राजधानीत बसला होता. गिझोचे खंड निघाले ते १८७०-७१ च्या पराभवाच्या छायेत. त्यांचा चित्रकार द नव्हील १८७३ मध्ये त्याच युद्धावरील चित्रासाठी गाजला. जेम्स डॉइलचा इंग्लंडचा वृत्तांत एडमंड इव्हान्सने १८६४ मध्ये रंगीत छापून दिला तो साम्राज्याच्या भरभराटीत. एक राष्ट्र परतंत्र, एक पराभूत, एक विजयी. आणि तिन्हींच्या पानांवर राजाचे रूप मात्र त्याच जातीचे: तोच एकमेवाद्वितीय चेहरा, तोच निर्णायक क्षण, तीच साधार वस्त्रे. राष्ट्रवादाने या चित्रांना गिऱ्हाईक मिळवून दिले, हे मान्य. परंतु इतक्या भिन्न राजकीय स्थितींत रूप एकच राहते, तेव्हा त्या रूपाचे कारण राजकीय स्थितीत शोधणे म्हणजे बाजारपेठेला कार्यशाळा समजणे होय.

रूपाचे कारण दुसरीकडे आहे. १४९३ साली न्यूरेंबर्गमध्ये छापलेल्या जगाच्या वृत्तांतात ६४५ ठशांमधून सुमारे १८०९ चित्रे छापली गेली. साहजिकच एकच मुखाकृती वेगवेगळ्या शतकांतील वेगवेगळ्या राजांसाठी पुन्हा पुन्हा आली. या प्रथेला आदिम काटकसर म्हणून हसण्याची प्रथा आहे. वस्तुतः तो ठसा अधिक प्रामाणिक होता. ‘येथे राजा आहे’ एवढेच तो म्हणत असे. ‘राजा असा दिसत होता’ असे म्हणत नसे. तो पदाचे चिन्ह होता. १९ व्या शतकाला चिन्ह पुरेना. त्याला पात्र हवे होते, ज्याला बाल्य आहे, अंतर्द्वंद्व आहे, संकटाच्या क्षणी बदलणारा चेहरा आहे. ही गरज वॉल्टर स्कॉटनंतरच्या कादंबरीने घडवली आणि इतिहासलेखनाने ती उसनी घेतली. सचित्र इतिहासातील मध्ययुगीन राजा हा अभिलेखागारातून आलेला नाही. तो कादंबरीतून आला आहे, आणि त्याच्या अंगावरचे कपडे तेवढे अभिलेखागाराने पुरवले आहेत. मग या चित्रांचे खरे स्थान कथनात्म साहित्याच्या इतिहासात आहे. रॉय स्ट्राँगने १९७८ मध्ये व्हिक्टोरियन इतिहासचित्रांचा, स्टीफन बॅनने १९८४ मध्ये इतिहासाच्या प्रतिरूपणांचा आणि फ्रान्सिस हॅस्केलने १९९३ मध्ये इतिहासकारांनी चित्रांच्या केलेल्या वापराचा विचार केला. यांपैकी वक्तृत्वमीमांसेची साधने हाती घेऊन पुढे गेला तो बॅन. त्याची वाट साहित्यसमीक्षेने पुढे चालायला हवी होती.

चित्राच्या माध्यमालाच ‘म्हणे’ अशक्य आहे, असे मात्र यावरून ठरत नाही. तसे असते तर दोष कोणाचाच ठरला नसता. स्टोथर्डच्या समाधीचित्रांत राजा आडवा पडलेला आहे, दगडाचा आहे. जेथे दगड झिजला तेथे चित्रही झिजलेले आहे. फोंतेव्रो येथील दुसऱ्या हेन्रीची किंवा पहिल्या रिचर्डची प्रतिमा ही मृत्यूनंतर घडवलेली, तेव्हा तीही हुबेहूब असेल असे नाही. पण ‘शिल्पकाराने राजा असा दाखवला’ एवढेच स्टोथर्डचे चित्र म्हणते आणि त्यापलीकडे पाऊल टाकत नाही. चार्ल्स नाइटने १८४० च्या दशकात ‘ओल्ड इंग्लंड’सारख्या स्वस्त, लोकप्रिय सचित्र ग्रंथात जुन्या वास्तू, मुद्रा, समाध्या यांची चित्रे छापली. मुद्रेची तुटकी कड, नाकाचा उडालेला टवका, हेच चित्रातले ‘म्हणे’ होय. ते उपलब्ध होते, स्वस्त होते, सामान्य वाचकापर्यंत पोहोचतही होते. पुढच्या पिढ्यांतील चित्रकारांनी उडालेले नाक पुन्हा बसवले, गालांत रक्त भरले, दगडाला उभे केले आणि ज्यावरून हे केले तो दगड दृष्टीआड केला. ही निवड होती. म्हणून तिचा जाब विचारता येतो.

मराठी समीक्षेला हा जाब परका वाटण्याचे कारण नाही. १८७१ च्या ‘मोचनगड’पासून ऐतिहासिक कादंबरीतील सत्य आणि कल्पित यांवर येथे पानेच्या पाने लिहिली गेली. लेखकाने कोणते पात्र कल्पिले, कोणती तारीख हलवली, याचा हिशेब चोख ठेवला गेला. त्याच कादंबरीच्या वेष्टनावरील राजाचा चेहरा कोणी, केव्हा, कशावरून काढला, हा प्रश्न मात्र परीक्षणांत क्वचितच येतो. पुण्याची चित्रशाळा १८७८ मध्ये निघाली ती विष्णुशास्त्री चिपळूणकरांसारख्या निबंधकाराच्या पुढाकाराने. पण निबंध वाङ्मयेतिहासात गेले आणि चित्रे भिंतीवर राहिली. शिवछत्रपतींची सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातील दख्खनी शैलीची चित्रे युरोपातील संग्रहालयांत आहेत. त्यांहून कितीतरी उशिरा काढलेली चित्रे क्रमिक पुस्तकांतून, दिनदर्शिकांतून अधिक परिचित झाली, आणि अनेकदा त्यांच्याखाली चित्रकाराचे नाव नसते, सालही नसते. ज्या समाजात ऐतिहासिक व्यक्तीविषयीच्या एका वाक्यावरून वादंग माजते, त्या समाजात चित्राला मात्र पुराव्याची अट नाही.

ही अट घालणे म्हणजे चित्रे काढून टाकणे नव्हे. मातेय्कोचे राजे ही मोठी कला आहे आणि व्रोत्सवाफच्या राष्ट्रीय संग्रहालयात ती जपली जाते, हे योग्यच आहे. मागणी एवढीच आहे की चित्र छापले जाईल तेथे कोणी, केव्हा, कशावरून या तीन प्रश्नांची उत्तरे त्याच पानावर असावीत. दहाव्या शतकातील राजाच्या चित्राखाली ‘१८९० नंतरचे रेखाटन’ असे लिहिलेले असावे. आणि समीक्षेकडून मागणी अशी की उताऱ्यातील प्रत्येक क्रियापदाचा अर्थ तपासणाऱ्या अभ्यासकाने उताऱ्याशेजारच्या चित्राकडे पाहून पान उलटू नये. त्या पानावरचे सर्वांत ठाम विधान बहुधा तेथेच असते. सर्वांत कमी पुरावाही तेथेच असतो.